पडद्याला हात मुख्य थ्रेडनेच लावावा

बाळू,

अकोले तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रासाठी तू लिहिलेला प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. काम मन लावून केलं आहेस. पण केंद्रावर बसवण्याआधी एक गोष्ट बदल.

काट्याचं वजन सिरियल पोर्टवर आलं की डॉटनेट 'डेटारिसीव्हड' हा इव्हेंट वेगळ्याच थ्रेडवर चालवतं, आणि तू तिथूनच लेबलवर आकडा लिहितोस. विंडोज फॉर्म्समध्ये कंट्रोल ज्या थ्रेडवर तयार झाला, त्यानेच, म्हणजे इथे मुख्य थ्रेडनेच, त्याला हात लावायचा असतो. डीबगरमध्ये ही चूक लगेच एक्सेप्शन देते. केंद्रावर नुसती ईएक्सई चालते, तिथे ही तपासणी बंद असते. सगळं ठीक वाटतं आणि ऐन रांगेच्या वेळी पडदा गोठतो. 'चेकफॉरइलीगलक्रॉसथ्रेडकॉल्स' फॉल्स करणारी ओळ काढूनच टाक. तिने चूक सुटत नाही, फक्त दिसेनाशी होते.

त्याऐवजी 'बिगिनइन्व्होक'ने काम मुख्य थ्रेडकडे सोपव. 'इन्व्होक' इथे नको, कारण तो उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. नेमकं तेव्हाच ऑपरेटरने पोर्ट बंद केला, तर मुख्य थ्रेड पोर्ट वाचणाऱ्या थ्रेडसाठी खोळंबतो, तो मुख्यासाठी, आणि दोघेही अडकतात.

खरा धोका मात्र पुढे आहे. 'बिगिनइन्व्होक'चं काम रांगेत लागतं. तोवर पुढच्या शेतकऱ्याचा कोड टाकला गेला, तर मागच्याचं दूध पुढच्याच्या नावावर चढेल. म्हणून कोड आल्याबरोबर तो मुख्य थ्रेडवर एका व्हेरिएबलमध्ये ठेव आणि वजन हाती येताच त्याच्यासोबत बांधून पुढे पाठव. टेक्स्टबॉक्समधून वाचू नकोस, तोही पडद्याचाच भाग आहे. पावतीही लेबलवरचा आकडा उचलून छापू नकोस. आणि काट्याचा आकडा तुकड्यातुकड्यांनी येऊ शकतो; ओळ पूर्ण होईपर्यंत तो साठवत जा.

फॅट मशिनच्या आकड्यालाही हेच लागू, कारण गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) धरून ठरतो, त्याखाली पॉइंट घसरला की पैसे कापले जातात. चारा-पेंडीचा खर्च त्याच बिलातून भागवणाऱ्या घराला दुसऱ्याचं वजन किंवा फॅट लागलेलं परवडत नाही, आणि ते पावतीवरून त्याला कळतही नाही.

काटा आणि फॅट मशिन दोन्ही जोडून, भराभर कोड बदलत, मध्येच पोर्ट बंद-चालू करत तासभर चालवून बघ. मगच केंद्रावर ने.

तुझा मामा