व्यालेली गाय बसली तर आधी थर्मामीटर

दसरा सरला की पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांत तीन गोष्टी एकदम येऊन ठेपतात. म्हशींचा विण्याचा हंगाम भरात असतो. कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि गव्हाणीत वाढ्यांच्या मोळ्या पडू लागतात. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या बैलांसह निघतात आणि फडांजवळ, ओढ्याकाठी, गावाच्या पाणवठ्यापाशी उतरतात. विणारं जनावर अंगातला साठा दुधात ओततं. नुसत्या वाढ्यांवर ठेवलं तर तो साठा भरून येत नाही. आणि बाहेरून आलेला संसर्ग नेमक्या त्याच वेळी दारात उभा असतो. दुभत्या जनावराचे चयापचयाचे आजार आणि संसर्गजन्य आजार आपण दोन वेगळ्या वह्यांत लिहितो, पण विण्याआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे ते हातात हात घालून येतात.

म्हणून पहिली विनंती अशी की गोठ्यात एक थर्मामीटर हवाच. गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी उठेना, एवढ्यावरून कोणालाही काही सांगता येत नाही. निरोगी गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. दुग्धज्वराच्या नावात ज्वर आहे, पण त्या गाईला ताप नसतो. उलट पारा १०० च्या खाली जातो. कान गार लागतात, नाकपुडी कोरडी पडते, शेण-रवंथ थांबतं आणि गाय मान कुशीवर वळवून पडून राहते. हा आजार बहुधा व्याल्यापासून ७२ तासांत आणि तिसऱ्या वेतापुढच्या जास्त दुधाच्या गाईंत दिसतो. त्याच जागी, तशीच बसलेली दुसरी गाय १०४ दाखवत असेल तर शोध कासदाहाचा, गर्भाशयातल्या पूचा, गोचीडतापाचा किंवा तिव्याचा घ्यायचा.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. दुपारभर उन्हात पडलेल्या गाईचा पारा उन्हानेही चढतो. तिला सावलीत घेऊन तासाभराने पुन्हा मोजा. आणि कासदाहाचं विष अंगात भिनलं की तापमान कधी कधी उतरतं, गाय गार पडते आणि दुग्धज्वरासारखीच दिसते. म्हणून थर्मामीटर लावल्यावर चारही सडांची एकेक धार काळ्या फरशीवर काढून पाहायची. धार पाण्यासारखी पिवळट असेल, गुठळ्या असतील, तर उत्तर तिथेच आहे.

एवढी खटपट कशासाठी? कारण बसलेल्या गाईला घाईघाईने शिरेतून कॅल्शियम सोडण्याची सवय जिवावर बेतते. दुग्धज्वरात कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून दिलं की गाय तासाभरात उठूही शकते, म्हणून त्यावर भरवसा बसलेला असतो. पण तेच औषध भरभर सोडलं, किंवा संसर्गाच्या विषाने हृदय आधीच थकलेल्या गाईला दिलं, तर सुई शिरेत असतानाच ती दगावू शकते. बाटली अंगाच्या तापमानाइतकी कोमट करून, थेंबाथेंबाने, हृदयाचे ठोके ऐकत देणं हे पशुवैद्यकाचंच काम आहे. आणखी एक. मान टाकलेल्या गाईला नळीने किंवा बाटलीने तोंडातून काही पाजू नका. तिची गिळण्याची ताकद गेलेली असते, औषध फुप्फुसात उतरतं आणि मूळ आजारातून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते.

म्हशीची लाल लघवी हे याच गोंधळाचं दुसरं रूप आहे. व्याल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी म्हैस कॉफीच्या रंगाची लघवी करू लागली की घरात भीती पसरते. अंगात ताप असेल, अंगावर गोचीड असतील, तर तो बबेसिया असू शकतो. तांबड्या पेशी फोडणारा हा परजीवी रक्ताच्या तपासणीत सापडतो. ताप नसेल तर बहुतेकदा स्फुरदाची कमतरता निघते. स्फुरद कमी पडल्याने पेशींचं आवरण टिकत नाही आणि त्या आपोआप फुटतात. एकाला परजीवीविरोधी औषध लागतं, दुसरीला स्फुरदाचं इंजेक्शन. नुसतं अँटिबायोटिक टोचलं तर स्फुरदाची कमतरता भरून निघत नाही आणि म्हैस रक्ताअभावी खचत जाते.

हे दोन्ही प्रकारचे आजार एकमेकांना बोलावतात, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गाईच्या रक्तद्रवात कुठल्याही क्षणी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं आणि १० लिटर चिकातून २० ग्रॅमच्या वर निघून जातं. हाडांतून आणि आतड्यांतून भरपाई वेळेवर झाली नाही तर बसण्याइतकी कमतरता थोड्याच गाईंत दिसते. बाकीच्या उभ्याच राहतात, थोडं कमी खातात आणि आपल्या नजरेतून सुटतात. पण कॅल्शियमशिवाय स्नायू आकुंचन पावत नाहीत. गर्भाशय ढिलं राहतं आणि सडाचं तोंड धार काढल्यावर घट्ट मिटत नाही. शिवाय रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही काम करायला कॅल्शियम लागतंच. मग जार अडकते, गर्भाशय सडतं, कास सुजते. आपण म्हणतो, 'यंदा गाईला एकामागून एक काहीतरी लागलंय.' मुळात लागलेलं एकच असतं.

किटोसिसचंही तसंच. व्याल्यावर दूध चढत जातं, भूक मात्र तेवढ्या वेगाने वाढत नाही. मग गाय अंगावरची चरबी वितळवते. चरबी फार वेगाने वितळली की यकृताला ती पेलत नाही, रक्तात किटोन साठतात, श्वासाला आणि दुधाला गोडसर उग्र वास येतो. खुराक नाकारून कडबा तेवढा चघळणारी गाय दिसली की संशय घ्या. मेडिकलच्या दुकानात मधुमेहींसाठी मिळणाऱ्या किटोनच्या पट्टीने लघवी तपासता येते. अशा गाईची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, त्यामुळे कासदाह आणि गर्भाशयाचा संसर्ग तिला सहज गाठतात. भाकड काळात लठ्ठ झालेल्या गाईला हा धोका सर्वांत जास्त. पाचाच्या मोजपट्टीवर गाय साडेतीनच्या आसपास असावी, म्हणजे शेवटच्या बरगड्या हाताला लागाव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत.

आता वाढ्यांकडे वळू. ऊसपट्ट्यात हंगामात दुसरा हिरवा चारा एवढा स्वस्त मिळत नाही, त्यामुळे 'घालू नका' असा सल्ला मी देणार नाही. पण वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं आणि ते कॅल्शियमला बांधून शेणावाटे बाहेर काढतं. स्फुरद आणि प्रथिनंही त्यात कमी. महिनोन् महिने फक्त वाढ्यांवर असलेली गाय वितानाच रिकामी असते. एकूण चाऱ्यात वाढे तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच ठेवा, कुट्टी करून, ज्वारीचा कडबा, मका किंवा मुरघास यांच्यासोबत. दुभत्या गाईला लसूणघास आणि रोज खनिज मिश्रण हवंच. चुन्याच्या निवळीची फवारणी करून वाढे मुरवून घालण्याची पद्धत दुभत्या जनावरांसाठी उपयोगी आहे.

विण्याआधीच्या तीन आठवड्यांत मात्र नियम उलटा होतो, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. 'गाय विणार आहे, कॅल्शियम पाजा' हा सल्ला गावोगाव दिला जातो. या दिवसांत बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते काढून देणारी यंत्रणा सुस्तावते आणि चिकाचा भार आला की वेळेवर जागी होत नाही. तेव्हा या काळात कॅल्शियमच्या बाटल्या बंद ठेवा आणि लसूणघास अगदी कमी करा. दुभत्यांचं नेहमीचं खनिज मिश्रण या गाईंना घालू नका. गाभण जनावरांसाठीचं वेगळं मिळतं, ते पशुवैद्यकाला विचारून द्या. खुराक हळूहळू वाढवत दिवसाला दोन-तीन किलोपर्यंत आणा, म्हणजे व्याल्यावर पोटातले जीवाणू त्या खाद्याला सरावलेले असतील. कॅल्शियम तोंडावाटे द्यायचं तर व्याल्यानंतर, गाय उभी असताना आणि नीट गिळत असताना. पूर्वी दुग्धज्वर झालेल्या गाईची कास पहिले दोन दिवस पूर्ण पिळू नका, वासराला पोटभर चिक मिळेल एवढंच काढा. कासदाह दिसला तर मात्र ती कास रिकामी केलीच पाहिजे.

लाळ्या खुरकुताबद्दल बोलताना बोट ऊसतोड कामगारांकडे दाखवलं जातं. ते चुकीचं आहे. त्यांच्या बैलांवर त्यांचं पोट असतं आणि आजारी बैलाचा फटका आधी त्यांनाच बसतो. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ती टोळी निघण्याच्या महिनाभर आधी मूळ गावीच व्हायला हवी. कारखान्यांनी आणि मुकादमांनी हे मनावर घेतलं तर हंगाम पुष्कळ सुरक्षित जाईल. आपल्या बाजूने सामाईक हाळावर जनावरं नेणं थांबवा, गोठ्याच्या दारात १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा कालवून पायपुसणीचं गोणपाट भिजवत ठेवा, बाजारातून आणलेली गाय २१ दिवस वेगळी बांधा.

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी ही लस मोफत मिळते. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाई तेव्हा वगळल्या जातात, आणि व्याल्यावर त्यांना टोचायचं राहून जातं. गोठ्यात साथ शिरली की सर्वांत आधी सापडते ती हीच, नुकती व्यालेली, अंगातून रिकामी झालेली गाय. तिचं नाव भिंतीवर लिहून ठेवा. लाळ्या खुरकुतातून उठलेली गाय पुढे उन्हात धापा टाकत राहते, केस राठ होतात, दूध पहिल्यासारखं चढत नाही. वासरं तर हृदयावर आघात होऊन तडकाफडकी जातात.

विण्याच्या ताणाने अंगात दबून बसलेला गोचीडताप उफाळतो, संकरित गाईंत विशेष. खांद्याजवळची गाठ सुजली, ताप १०५ च्या पुढे गेला, डोळ्यांची आतली कड फिकट पडली, तर रक्ताची काचपट्टी तपासून घ्या आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवा, कारण गोचीड तिथेच अंडी घालतात. तिव्यातही रक्तातलं कॅल्शियम उतरतं, म्हणून गाय आधी तापाने फणफणते आणि मग बसते. २०२२ मध्ये लम्पीने राज्यभर जे केलं ते अजून सगळ्यांच्या आठवणीत आहे. त्याची वार्षिक लस चुकवू नका.

जार अडकली तर ओढू नका, तिला वीट किंवा चप्पल बांधू नका. गर्भपात झालेल्या किंवा जार न पडलेल्या गाईला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. तो ब्रुसेलोसिस असेल तर तुम्हालाही होतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस एकदाच टोचायची असते.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ वर फोन लावाल तेव्हा नुसतं 'गाय बसली' असं सांगू नका. कितवं वेत, व्याल्याला किती तास झाले, पारा किती, कास कशी, लघवीचा रंग कोणता, एवढं सांगितलंत तर डॉक्टर योग्य औषध सोबत घेऊनच निघतील.