ओतलेल्या रंगांचे शुभेच्छापत्र

जामनेरच्या एका मुलाची थोरली बहीण सुरतेस राहते. यंदा दिवाळीला तिचे माहेरी येणे होणार नाही असे कळले, तेव्हा भाऊबीजेसाठी तिला बाजारातील छापील पत्र न पाठविता स्वतःच्या हाताने केलेले पाठवावे, असे त्याने ठरविले. चित्रकलेत त्याचा हात बेताचाच होता. म्हणून कुंचल्यावाचून, नुसते रंग ओतून नक्षी काढण्याची रीत त्याने निवडली.

पहिला प्रयत्न फसला. लाल, हिरवा, जांभळा, पिवळा असे हाती लागले ते सर्व रंग त्याने एकाच पेल्यात घालून काडीने घोटले. कागदावर जे उतरले ते पुराच्या वेळच्या कांग नदीसारखे गढूळ होते. शिवाय पातळ कागद ओलाव्याने पापडासारखा वळला.

दुसऱ्या वेळी त्याने अर्धा दिवस तयारीतच घालविला. प्रत्येक ॲक्रिलिक रंग वेगळ्या वाटीत घेऊन त्यात तितकाच पांढरा गोंद आणि थोडेथोडे पाणी कालविले. मिश्रण मधासारखे होऊन चमच्यातून त्याची धार न तुटता पडू लागली, तेव्हा पाणी घालणे थांबविले. रंग तीनच घेतले : निळा, काळा आणि पांढरा. ते एका पेल्यात एकावर एक अलगद सोडले. ढवळले मात्र नाहीत. मग जाड पुठ्ठा फरशीच्या तुकड्यावर चारही कडांनी पक्का बसवून त्यावर पेला उपडा केला, उचलला आणि फरशी सावकाश चहूकडे कलती केली. निळ्यातून पांढऱ्या शिरा निघाल्या. मधूनमधून काळी वर्तुळे वर आली.

ही वर्तुळे येतात कोठून? सर्व रंग सारखे जड नसतात. पांढऱ्यात टायटॅनियमची जड भुकटी असल्यामुळे तो सहसा काळ्यापेक्षा जड असतो. जड रंग हलक्यावर पडला की तो खाली बुडू पाहतो, हलका वर येऊ पाहतो, आणि या ओढाताणीत नक्षी उमटते. मेक्सिकोचा चित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरोस याने १९३६ साली न्यूयॉर्क येथील आपल्या कार्यशाळेत असे प्रयोग केले. या रीतीस तो अपघाती चित्रण म्हणे. पुढे २०१५ साली मेक्सिकोतील संशोधकांनी रंगांच्या घनतेतील फरकामुळे हे कसे घडते, ते प्रयोगांनी दाखविले. तेव्हा अपघात म्हटला तरी तो नियमानेच घडत होता.

दख्खनलाही रंगांचे असे वाहणे अनोळखी नाही. सतराव्या शतकात विजापुरास अबरीची चित्रे होत असत. फारसीत ‘अब्र’ म्हणजे ढग. अबरीत रंग ओतत नसत. दाट केलेल्या पाण्यावर ते तरंगत सोडून वरून कागद अलगद टेकवीत, की ढगांसारखी नक्षी कागदावर उतरे. हडकुळ्या घोड्यावर बसलेल्या बैराग्याचे असे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.

मुलाने पुठ्ठा सपाट जागी सावलीत ठेवला. वैशाखात जामनेरच्या उन्हात रंगाची वरची साय आधी वाळते आणि तिला तडे जातात. दिवाळीच्या हवेत ती भीती कमी. दोन दिवस त्याने बोट लावले नाही, हेच त्याला सर्वांत जड गेले असावे! वाट्यांतील उरलेला रंगही त्याने मोरीत ओतला नाही. तो रद्दी कागदावर पसरून वाळविला आणि केरात टाकला.

आता निवड करावयाची होती. एका कोऱ्या कागदाला पत्राएवढी खिडकी कापून ती त्याने पुठ्ठ्यावरून फिरविली. पुष्कळ भाग नुसताच निळा होता. तीन ठिकाणी मात्र खिडकीत चित्र भरून आले. तेवढे तुकडे कापून त्यांतला एक त्याने दुमडलेल्या जाड कागदावर चिकटविला. आत लिहिले, “ताई, ओवाळणी पाठवीत आहे. ओवाळायला मात्र तू यायला हवी होतीस.”

उरलेले दोन तुकडे त्याने वहीत जपून ठेवले. श्रावणात तिची राखी आली, की उत्तराला त्यांतला एक लागणारच होता.