हेलपाटा वाचवू या



आमचे आजोबा सांगतात, पूर्वी जिल्ह्याच्या कचेरीत काम निघाले की परभणीला जावे लागे. एका कागदापायी दिवस मोडायचा. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. कचेरी जवळ आली, पण हेलपाटा सुटला नाही. औंदा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझी माय दोनदा गेली. "उद्या या," म्हणले. दोन दिवसांची मजुरी बुडाली.

गुरुजींनी सांगितले, २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा झाला. कोणते काम किती दिवसांत करायचे, ते कचेरीच्या फलकावर लिहावे लागते. अर्जाची पोच मिळते. तिच्यावर नंबर अन् मुदत असते. मुदत टळली तर अपील करता येते. कारण नसताना उशीर करणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

माणूस तीनदा आला की साहेबांचाही वेळ तीनदा जातो. तो पगार आपल्याच करातून निघतो. काम एका खेपेत झाले तर दोघांचाही पैसा वाचतो.

माय शिकलेली नाही. तिसऱ्या खेपेला मी संगं गेलो अन् फलक मोठ्यानं वाचला. आता पोच आमच्या पेटीत आहे.