वॉर्ड सोडू पाहणाऱ्या भगिनींस

रात्रपाळीला, कंबरदुखीला आणि एकट्या सिस्टरवर पडणाऱ्या अख्ख्या वॉर्डाच्या भाराला विटलेल्या ज्या परिचारिका भगिनी समुदाय आरोग्य अधिकारी या हुद्द्याकडे विसाव्याचे ठिकाण म्हणून पाहतात, त्यांना, धुळ्याच्या एका रुग्णालयातून शिंदखेडा तालुक्यातील एका उपकेंद्रात येऊन रुळलेली बाई या नात्याने, मी प्रथम एवढेच विचारते, की करारनामा नीट वाचला आहे काय?

२०१८ साली आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे करण्याचे ठरले, तेव्हा हा हुद्दा गावोगाव पोहोचला. २०२३ मध्ये दारावरची पाटी 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी झाली, तरी आतील नेमणूक कंत्राटीच राहिली. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमानंतर हाती पडणाऱ्या रकमेचा एक भाग निश्चित मानधनाचा, तर दुसरा कामगिरीच्या निर्देशकांवर अवलंबून असतो. म्हणून कायम नोकरीचा राजीनामा लिहिण्यापूर्वी घराचा हप्ता पहिल्या भागातूनच भागतो की नाही याचा हिशेब मांडावा. हुद्द्यात 'अधिकारी' असल्यामुळे माहेरी मान वाढतो, ही गोष्ट वेगळी!

खरी कसोटी मात्र पुढे आहे. वॉर्डात रुग्ण समोर खाटेवर असतो. येथे सपाट मुलखातील उपकेंद्राच्या वाट्याला सुमारे ५००० लोकवस्ती येते, तिच्यातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची असते, आणि ज्याला तपासायचे तो स्वतःस रुग्ण समजतच नाही. कापूसवेचणीच्या दिवसांत दुपारी उपकेंद्रात चिटपाखरू नसते. तेव्हा आशाताईंना बरोबर घेऊन दिवेलागणीला कोणाच्या तरी ओट्यावर यंत्र मांडावे लागते. अशाच एका आजींच्या दंडाला पट्टा बांधला, तो वरचा आकडा १८०, आणि आजी म्हणतात, "माले काय व्हयेल शे, ताई? रोज वावरमा जास!" वॉर्डात असते तर डॉक्टरांना हाक मारून, तक्त्यावर नोंद करून मी पुढच्या पाळीला ओव्हर दिली असती. येथे त्यांना पाच मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजणे, छातीत दुखते का, बोलताना जीभ अडखळते का, हे विचारणे, तसे काही असल्यास १०८ बोलावून दोंडाईचाच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे रवाना करणे, नसल्यास ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला घेणे, आणि सुरू झालेली गोळी 'आता बरे वाटते' म्हणून पंधरवड्यात बंद पडणार नाही याची तजवीज सुनेकरवी करणे, एवढे सारे माझ्याच शिरावर येते. गोळी सुरू करण्याची मुखत्यारी डॉक्टरांची, ती चालू राहील हे पाहणे माझे.

शिवाय दप्तर आहेच. जे केले पण पोर्टलवर चढले नाही, ते वरिष्ठांच्या लेखी घडलेच नाही. म्हणून ज्यांना विचार पक्का करायचा असेल, त्यांनी रजा काढून एखाद्या उपकेंद्रात महिनाअखेरीस, अहवालाची धांदल असताना, चार दिवस बसून पाहावे. शीर शोधण्याचा हात जाऊ देऊ नये आणि परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये, कारण कंत्राटाची मुदत संपली तर परतीची वाट वॉर्डाकडेच जाते.

आणि रुजू होताच आरोग्यसेविकेवर हुकूम सोडू नयेत. ती आपल्या आधीपासून त्या गावात आहे. कोणत्या घरी सकाळी जावे, कोठे सासूशी आधी बोलावे आणि कोणाची गोळी पेटीत तशीच पडून असते, हे तिला ठाऊक असते. निदान पहिला महिनाभर तिच्या मागून चालावे.