चंद्राच्या कला : एक प्रत्यक्ष पाठ

पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्रकला होतात, हा समज मुलांत, क्वचित शिक्षकांतही, आढळतो. शुद्ध अष्टमीस दुपारी ४ वाजता वर्ग अंगणात न्यावा. पश्चिमेस सूर्य, पूर्वेकडे अर्धा चंद्र. पृथ्वीची सावली तर सूर्याच्या विरुद्ध, क्षितिजाखाली गेलेली. ती चंद्रावर पडेल कशी?

मग अंधाऱ्या खोलीत दिवा लावून मुलाने चुना लावलेला चेंडू हात लांब करून, डोक्याहून उंच धरावा. तोंड दिव्याकडे असता अमावास्या. तो डावीकडे वळू लागताच चेंडूची उजवी कड उजळते. पाठ दिव्याकडे होताच पौर्णिमा. चेंडू खाली आल्यास त्यावर डोक्याची सावली पडते. ही चूक सुधारण्याची घाई करू नये, तेच चंद्रग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे ते दर पौर्णिमेस घडत नाही.