घर नदीपासून किती लांब?

महाड, 14 जानेवारी



फोनवर ‘तू’ आणि ‘मी’ सुरू झालं की पाचव्या मिनिटाला आवाज चढतो आणि ताईला मध्ये पडावं लागतं. म्हणून या पत्रात मामा आणि भाचेबुवा ही दोन तिऱ्हाईत माणसं आहेत असं समजावं.

भाचेबुवांनी पाठवलेला फोटो मामाने चष्मा पुसून पाहिला. ओरेगनमधली नॉर्थ अम्पक्वा नदी, लाकडी घर, पुढे ओसरी आणि ओसरीपासून चाळीस पावलांवर हिरवंगार पाणी. घर विकाऊ आहे. भाचेबुवांची नोकरी घरबसल्या चालते, पोर्टलंडचं घर विकलं तर चार पैसे हातात उरतील. दर शनिवारी रात्रीच उठून तीन-तीन तास गाडी हाकत गरवायला जाण्यापेक्षा तिथेच जाऊन राहिलेलं काय वाईट, असा त्यांचा हिशेब. भाचेसून ‘बघू’ म्हणाली आहे. ‘बघू’चा अर्थ काय असतो, हे मामाने संसाराच्या अडतीस वर्षांत शिकून घेतलं आहे. भाचेबुवांना अजून वेळ लागेल.

मामा नको म्हणायला बसलेला नाही. पाटबंधाऱ्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुण्यातला फ्लॅट विकून सावित्री नदीच्या काठी घर घेणारा माणूस कोणत्या तोंडाने नको म्हणेल? पण नदीच्या ओढीने बिऱ्हाड हलवणारे भाचेबुवा पहिले नाहीत. आधीच्यांचं काय झालं ते बघावं, मग ठरवावं.

या जमातीचे आजोबा म्हणजे रॉडरिक हेग-ब्राउन. जन्म 1908चा, इंग्लंडातल्या ससेक्सचा. विशीच्या आत हा मुलगा अमेरिकेतल्या लाकूडतोडीच्या छावणीत कामाला लागला, तिथून कॅनडात व्हँकुव्हर बेटावर गेला आणि 1930च्या दशकात कॅम्पबेल नदीच्या काठी घर करून 1976मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. गळ टाकणाऱ्यांना त्याची पुस्तकं ठाऊक असतात. पण नदीकाठी राहून हा माणूस दिवसभर करत काय होता, हे फारसं कुणी विचारत नाही. तो शेती करायचा, जनावरं सांभाळायचा, चार मुलं वाढवायचा. कायद्याची पदवी नसताना गावचा मॅजिस्ट्रेट म्हणून त्याने अनेक वर्षं भांडणं सोडवली. 1950 साली आलेलं त्याचं ‘मेझर ऑफ द इयर’ हे पुस्तक बारा महिन्यांचा जमाखर्च आहे, आणि त्यात मासेमारीपेक्षा घर, शेत आणि कोर्ट जास्त आहे. पुढे त्याने वसंत, हिवाळा, उन्हाळा, शरद अशी चार ऋतूंवर चार पुस्तकं लिहिली. गंमत म्हणजे त्यातलं हिवाळ्याचं पुस्तक चिली आणि अर्जेंटिनातल्या नद्यांवर आहे. दारात नदी वाहत असलेला माणूसही मासे धरायला दुसऱ्या खंडात जातो! दारची नदी रोजची झाली की तिचं नवल कमी होतं, हे भाचेबुवांनी आत्ताच मनाशी मान्य करून ठेवावं. नवल कमी होतं, ओळख वाढते. सौदा वाईट नाही, पण ओसरीच्या फोटोत तो दिसत नाही.

जॉन व्होल्कर याची गोष्ट वेगळी. हा मिशिगनचा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश असताना 1958 साली ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ ही त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तुफान खपली. लगेच पुढच्या वर्षी जेम्स स्ट्यूअर्टला घेऊन तिचा सिनेमा निघाला. पैसा आला तसा याने न्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि आपल्या इशपेमिंग गावी जाऊन ट्राउट धरत, लिहीत उरलेली तीस वर्षं काढली. ही गोष्ट ऐकून पुष्कळांना राजीनामा लिहावासा वाटतो. मात्र व्होल्कर परक्या मुलखात गेला नव्हता. तो जन्मला तिथेच परतला. कोणत्या ओढ्याला कुणाच्या शेतातून वाट आहे, बर्फात गाडी अडकली तर कुणाचं दार वाजवायचं, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. शिवाय खपलेल्या कादंबरीचा पैसा गाठीशी होता. भाचेबुवांची कादंबरी अजून लिहून व्हायची आहे.

आता नॉर्थ अम्पक्वाकडेच वळू. तिथला जुना माणूस म्हणजे फ्रँक मूर. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला लढून आलेला. 1957 साली त्याने आणि त्याची बायको जीन हिने या नदीकाठी स्टीमबोट इन सुरू केलं. उन्हाळी स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होऊन गोड्या पाण्यात परतणारा रेनबो ट्राउट, तो धरायला येणाऱ्यांचा हा अड्डा. वरच्या खोऱ्यात लाकूडतोड सुरू झाली तेव्हा ओढ्यांचं पाणी तापतंय, अंडी घालायच्या जागा गाळाने भरताहेत, हे मूरने सगळ्यांना ओरडून सांगितलं. 1968 साली ‘पास क्रीक’ नावाचा माहितीपटही काढायला लावला. 2019मध्ये अमेरिकी संसदेने स्टीमबोट खोऱ्यातलं जवळपास एक लाख एकर रान स्टीलहेडसाठी राखलं आणि त्या रानाला मूर नवराबायकोचं नाव दिलं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2020मध्ये, आर्ची क्रीकचा वणवा त्या खोऱ्यातून गेला. एक लाख तीस हजार एकरांवर जंगल आणि शंभराहून जास्त घरं जळाली. त्यात मूरचं स्वतः उभारलेलं लाकडी घरही गेलं. तेव्हा त्याचं वय 97. लगोलग 2021च्या उन्हाळ्यात स्टीलहेड इतके कमी आले की ऑगस्टपासून नोव्हेंबर संपेपर्यंत नदी मासेमारीला पूर्ण बंद करावी लागली. जानेवारी 2022मध्ये मूर गेला.

भाचेबुवांच्या फोटोतलं घर नवं कोरं का आहे, हे मामाला तारखा जुळवल्यावर कळलं. फोटोत मागच्या डोंगरावर काळे सुळके दिसतात, ते दगडी कडे नव्हेत. जळून उभी राहिलेली झाडं आहेत. आगीचा विमा मिळतो का, केवढ्याला मिळतो, आणि विमा कंपनी दरवर्षी तो नव्याने देईल का, हे लेखी घेतल्याशिवाय बयाण्याचा एक डॉलर देऊ नये.

याच खोऱ्यातला ली स्पेन्सर मामाला सगळ्यात जवळचा वाटतो. मूळचा पुरातत्त्वाचा अभ्यासक. मुख्य नदीला मिळणाऱ्या स्टीमबोट क्रीकवर एक डोह आहे. उन्हाळ्यात बाकीचं पाणी तापतं तेव्हा तिथे गार पाण्याचा एक ओढा येऊन मिळतो आणि शेकडो स्टीलहेड पावसाची वाट पाहत दाटीवाटीने थांबतात. स्टीमबोट क्रीक 1930च्या दशकापासून मासेमारीला बंद. तरी लोक येऊन सुरुंग लावायचे, इतके की त्या डोहाला डायनामाइट होल असंच नाव पडलं होतं. स्पेन्सर 1990च्या दशकाच्या अखेरीस तिथे राखणीला बसला. मे ते डिसेंबर एका ट्रेलरमध्ये मुक्काम, सोबत कुत्री, मांडीवर वही. कोणता मासा कधी उसळला, पानगळ सुरू झाल्यावर किती खाली-वर झाले, पाणमांजर कधी येऊन गेलं, सगळ्याची नोंद. ही राखण जवळपास दोन दशकं चालली, आणि त्यावरचं ‘अ टेम्पररी रेफ्यूज’ हे पुस्तक 2017मध्ये आलं. तो स्वतः गरवणारा. पण पुढे पुढे त्याने आपल्या फ्लायच्या, म्हणजे पिसादोऱ्याच्या खोट्या किड्याच्या, गळाचं टोकच कापून टाकलं. मासा येऊन ओढतो, दोरीला हिसका बसतो, तोंड उघडून निघून जातो. तेवढ्याने त्याचं भागायचं.

मामाला हे वाचून वाळणकोंडीची आठवण झाली. लहानपणी भाचेबुवा मे महिन्यात यायचे तेव्हा त्यांनाही नेलं होतं. महाड तालुक्यातला काळ नदीवरचा तो खोल कोंड, काठावर वरदायिनी देवी, आणि चुरमुऱ्यांची पहिली मूठ पडायच्या आत खालून वर येणारे हातभर लांब खडस मासे. एरवी पावसाळ्यात वलगणीचे मासे धरायला रात्र-रात्र कंदील घेऊन हिंडणारी माणसं त्या डोहात गळ टाकत नाहीत. इकडे राखणीला देवी, तिकडे एक माणूस आणि त्याची कुत्री. भाचेबुवांनी तेव्हा विचारलं होतं, ‘मामा, एकच धरला तर?’ वय वर्षं नऊ. उत्तर मामाच्या आधी देवळातल्या म्हातारीने दिलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता ज्यामुळे हे पत्र लिहायला घेतलं ते. 22 जुलै 2021. चिपळूण, महाड, दोन्ही पाण्याखाली. मामाचं ते पहिलं घर सावित्रीपासून सत्तर पावलांवर होतं, ओसरीही भाचेबुवांच्या फोटोतल्यासारखीच. पहाटे मामी चहा करायला उठली तेव्हा पाणी पायरीला होतं. आधण येईपर्यंत ते घरात आलं. शेजारच्या मजल्यावर जाऊन बसल्यावर तिथून आपलाच फ्रिज आपल्याच घरात तरंगताना दिसला. पाणी ओसरलं तेव्हा गुडघाभर चिखल, वास असा की पुढे दोन महिने अन्नाला तोच वास. चिखल फावड्याने काढला. रॉडची कॉर्कची मूठ फुगून फुटली होती, तिन्ही रिळांत रेती शिरून दाते धरेनात. आयुष्यभर पूररेषांचे नकाशे हाताळलेला माणूस स्वतःचं घर घेताना नकाशा न उघडता मासे बघत बसला होता. मामीने त्यावर एक अक्षर काढलं नाही, हे सगळ्यात वाईट.

आपल्याकडे निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. अमेरिकेतही शंभर वर्षांचीच भाषा आहे आणि तिथेही ती तशीच फसवते. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. भाचेबुवांचं कर्ज तीस वर्षांचं. 0.99चा तीस वेळा गुणाकार करून एकातून वजा करावा, ते संगणकवाले आहेत. उत्तर चारात एकाहून जरा जास्त येतं. ज्या विमानाचं चार उड्डाणांतलं एक पडतं त्यात भाचेबुवा मुलीला बसवणार नाहीत.

तेव्हा मामाचं म्हणणं असं. घर त्या काठावर न घेता जवळच्या रोझबर्ग गावात घ्यावं. गाव लहान आहे, पण शाळा आहे, दवाखाना आहे, भाचेसुनेला नोकरी शोधता येईल, आणि भाचेबुवांचं इंटरनेट झाड पडलं म्हणून बंद पडणार नाही. तिथून वरच्या फ्लाय-फिशिंगच्या पाण्याला तासाभराच्या आत पोचता येतं. साउथ अम्पक्वा गावातूनच जाते, तिच्यात स्मॉलमाउथ बास आहे. दोन्ही नद्या गावाजवळ एक होतात, त्या खालच्या पाण्यात मे-जूनला शॅड मासा येतो. दक्षिणेला तास-सव्वा तासावर रोग नदी. एक नदी बंद झाली, जळली, गढूळली तर दुसरी आहे. काठावरच्या घरातून एकच नदी दिसते, आणि ती रुसली की ओसरीत बसून तिच्याकडेच बघत बसावं लागतं. नदी धरणाने हिरावली जाते तेव्हा तर बघायलाही काही उरत नाही. न्यू यॉर्ककडच्या कॅटस्किल डोंगरात थिओडोर गॉर्डन नावाचा क्षयाने खंगलेला माणूस नेव्हरसिंक नदीकाठी जाऊन राहिला आणि 1915 साली मरेपर्यंत फ्लाय बांधत बसला. अमेरिकी ड्राय फ्लायचा तो मूळपुरुष. त्याच्या त्या पाण्यावर 1950च्या दशकापासून न्यू यॉर्क शहराला पाणी पुरवणारा जलाशय पसरलेला आहे. मामाने नोकरीत असे डोह बुडताना पाहिले आहेत. त्यातल्या दोन नकाशांवर त्याची सही आहे.

घर घेण्याआधी एक हिवाळा भाड्याने काढावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस, पाचलाच अंधार, नदी कॉफीच्या रंगाची, रॉड खुंटीला. त्यात भाचेसून आणि पोर रमली तर पुढे बोलू. नाही रमली तर भाडं गेलं एवढंच. नॉर्थ अम्पक्वावरच्या विंचेस्टर धरणावर मासे चढताना मोजले जातात, ते आकडे 1946पासूनचे आहेत आणि कुणालाही बघता येतात. दहा-दहा वर्षांची सरासरी काढून ती त्या घराच्या किमतीशेजारी ठेवून बघावी. आणि तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यात नदीच्या राखणीचं काम करणाऱ्यांत नाव घालावं. मासे मोजायला, ओढ्याकाठी झाडं लावायला, स्पेन्सरच्या त्या डोहावर आळीपाळीने बसायला माणसं लागतातच. हेग-ब्राउन, मूर, स्पेन्सर यांना गावाने आपलं म्हटलं ते त्यांनी धरलेल्या माशांमुळे नाही.

मामाचं आताचं घर टेकडीवर आहे. नदीला चालत वीस मिनिटं. जाताना उतार, येताना चढ, गुडघे कुरकुरतात. पण आठवड्यातून चार दिवस जाणं होतं, आणि पूर्वी सत्तर पावलांवर असताना दोनदाच व्हायचं. याचं कारण मामाला अजून सापडलेलं नाही.

विम्याचा कागद आला की त्याची प्रत पाठवावी, भाचेसुनेची ‘बघू’ नेमकी कशावर अडली आहे ते तिच्याच तोंडून कळवावं, आणि भाड्याचं घर ठरलं तर जादा खोलीचं घ्यावं. मामाच्या व्हिसाला अजून चार वर्षं आहेत.

मामीचे आशीर्वाद. ताईला हे पत्र दाखवू नये.

मामा