आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे : भ्रष्टाचारावरील संतापाचा एक अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘भ्रष्टाचार : राष्ट्राला लागलेली कीड’ या विषयावर मी बोलले आणि मला दुसरे पारितोषिक मिळाले. टाळ्या पुष्कळ पडल्या. हाटकेशला घरी परतताना ते प्रमाणपत्र मी पिशवीत जपून ठेवले होते. त्याच पिशवीत आणखी एक कागद होता, तो म्हणजे बाबांच्या उत्पन्नाचा दाखला. फी-सवलतीसाठी लागणारा हा दाखला आम्ही सरळ मार्गाने मिळवलेला नव्हता. एका कचेरीबाहेर बसणाऱ्या माणसाला बाबांनी सातशे रुपये दिले, तेव्हा तो तीन दिवसांत हाती आला. त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. झोप छान लागली. दोन्ही कागद एकाच पिशवीत होते, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

ते ध्यानात आले यंदा, राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्रातील गाजलेली प्रकरणे वाचू लागले तेव्हा. वाचता वाचता असे दिसून आले की भ्रष्टाचार जितका जुना आहे, तितकाच त्यावरचा आपला सोयीस्कर संतापही जुना आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे. कोण किती खाऊन गेला याचा हिशेब हा माझा विषय नाही. आपण केव्हा ओरडतो आणि केव्हा गप्प बसतो, हा माझा विषय आहे.

पहिले प्रकरण क्रॉफर्डचे. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हा पुढे पुण्यास मध्य विभागाचा कमिशनर झाला. मामलेदारांच्या बदल्या-बढत्यांसाठी हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत तो पैसे घेतो, असा आरोप होऊन १८८८ साली चौकशी आयोग बसला. जे मामलेदार खरे सांगतील त्यांना अभय मिळेल, असे वचन सरकारने दिले. त्या भरवशावर मामलेदारांनी पैसे दिल्याचे कबूल केले. आयोगाने मात्र लाचेचा आरोप सिद्ध झाला नाही असे म्हटले. हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतले, एवढ्यावरून क्रॉफर्डला नोकरीतून काढण्यात आले. त्यानंतर इंग्रजी मताचा रोख मामलेदारांकडे वळला. लाच देणारे हे लोक न्यायदानाच्या खुर्चीवर कसे बसतात, असा ओरडा झाला आणि अभयवचन असूनही काहींच्या नोकऱ्या गेल्या. लोकमान्य टिळकांनी मामलेदारांची बाजू घेतली, १८८९ साली पुण्यात त्यासाठी सभा झाली. सरकारने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, हा टिळकांचा मुद्दा बिनतोड होता. परंतु या साऱ्या वादात एक प्रश्न मागेच राहिला. मामलेदारांनी वर दिलेला पैसा खालून कोठून येत होता? पाचच वर्षे आधी, १८८३ साली, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कचेरीतले लोक कुणब्याला कसे नागवतात ते सांगितले होते. साहेबाचा कैवार घेणारे होते, मामलेदाराचा कैवार घेणारेही होते. कुणब्यासाठी सभा भरली नाही. आज मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला फुल्यांचे नाव आहे, पण लोकांच्या तोंडी अजून क्रॉफर्डच आहे.

दुसरे प्रकरण सिमेंटचे. १९८० साली बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि परमिटाशिवाय ते मिळत नसे. जी वस्तू टंचाईची आणि जिची किल्ली एकाच्या हाती, तिच्याभोवती पैसा फिरणारच. सिमेंटच्या वाटपाचा आणि अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्यांचा संबंध आहे, हे १९८१ साली अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मधून उघड केले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी हा संबंध असल्याचा निर्णय दिला व अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. भाजपचे रामदास नायक यांनी दाखल केलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातील १९८४ व १९८८ चे निर्णय कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. शिक्षा मात्र झाली नाही, आणि १९९५ साली तेच अंतुले केंद्रात आरोग्यमंत्री झाले.

येथे दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. एक, अंतुले यांचे नाव प्रत्येकाला आठवते, पण देणग्या देऊन सिमेंट नेणाऱ्यांची नावे कोणाला आठवतात? घेणारा खलनायक ठरला आणि देणारे प्रतिष्ठित नागरिक म्हणून राहिले. दुसरी गोष्ट अडचणीची आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना अंतुले यांच्याच कारकिर्दीत, १९८० साली सुरू झाली. गावी माझ्या चुलत आजीचे औषधपाणी त्याच पैशांवर चालते. माणूस सर्वस्वी काळा किंवा सर्वस्वी पांढरा असता तर न्याय करणे सोपे झाले असते. एखाद्याच्या चांगल्या कामाने त्याचा गुन्हा धुतला जात नाही, आणि गुन्ह्याने ते चांगले कामही पुसले जात नाही. दोन्ही नोंदी एकाच वहीत ठेवायला हव्यात.

तिसरे प्रकरण मी पुस्तकाआधी घरीच ऐकले. आमचे मूळ गाव गुहागर तालुक्यात. १९९३ साली एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार झाला तेव्हा राज्यात काँग्रेसचे सरकार होते. १९९५ च्या निवडणुकीत युतीने हा करार म्हणजे भ्रष्टाचाराचा कळस ठरवला आणि एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, अशी घोषणा दिली. बाबा तेव्हा अठरा वर्षांचे होते. ट्रकमध्ये बसून सभेला गेल्याचे ते अजून सांगतात. युतीचे सरकार आले, ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला आणि गावात लोकांनी पेढे वाटले. पुढे वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने, त्याच कंपनीबरोबर, पूर्वीपेक्षा मोठ्या प्रकल्पाला मान्यता दिली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर मग याच सरकारच्या पोलिसांनी लाठ्या चालवल्या. १९९९ साली वीजनिर्मिती सुरू झाली, २००१ साली महाग विजेमुळे वीज मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले. बाबा एवढेच म्हणतात, “समुद्रात बुडालो ते आम्हीच.” त्यानंतर ते पोटासाठी मुंबईकडे आले आणि आज हाटकेशच्या उद्योगनगरातील एका गाळ्यात प्रेस मशीनवर काम करतात.

चौथे प्रकरण आपल्या पिढीने पाहिलेले. दहा वर्षांत सत्तर हजार कोटी खर्चूनही राज्याचे सिंचनक्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढले, असा आरोप २०१२ साली झाला. जलसंपदा खाते पूर्वी सांभाळलेले अजित पवार यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये ते परत आले. भाजप आणि शिवसेना या तत्कालीन विरोधी पक्षांनी २०१४ च्या निवडणुकीत हा विषय घरोघर नेला. पुढे २३ नोव्हेंबर २०१९ च्या भल्या सकाळी भाजपने त्यांच्यासोबत शपथ घेतली. ते सरकार टिकले नाही, तेव्हा डिसेंबरात शिवसेनेच्या मुख्यमंत्र्यांखाली ते उपमुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजी ते पुन्हा भाजपच्या बरोबर सत्तेत गेले. आरोप खरेच होते असे मी म्हणत नाही, कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले नाही. माझा प्रश्न आरोप करणाऱ्यांना आहे. आरोप खरा मानत होता, तर सोबत कसे बसलात? खोटा होता, तर आम्हांला का तापवलेत? आणि नंतर मत बदलले असेल, तर ज्या मैदानांत आरोप केला त्याच मैदानांत ‘चुकलो’ म्हणून का सांगू नये?

हा दोष केवळ पुढाऱ्यांचा मानून आपण मोकळे होऊ नये. पुढारी वळतो कारण मागचे लोकही त्याच्याबरोबर वळतात. आमच्या इमारतीच्या खाली संध्याकाळी बाकावर जे वाद होतात, ते मी बारकाईने ऐकले आहेत. विरुद्ध पक्षाच्या माणसावर आरोप झाला की ‘धूर निघाला म्हणजे आग असणारच’. आपल्या पक्षाच्या माणसावर झाला की ‘आधी न्यायालयात सिद्ध करा’. माणसे तीच, बाकही तोच, फक्त वजन-काटा बदलतो. कोणी पुराव्याचा प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर न देता ‘तुमच्या राज्यात काय झाले होते?’ असा उलट प्रश्न येतो. दोन चोऱ्यांची वजाबाकी करून शून्य येते, असे या लोकांना वाटते. वास्तविक ती बेरीज असते, आणि बिल रयतेच्या नावावर निघते.

काटा स्थिर ठेवणे अशक्य आहे काय? तसेही नाही. २००३ साली अण्णा हजारे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसच्या चार मंत्र्यांविरुद्ध उपोषण केले, तेव्हा न्या. पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला. २००५ च्या अहवालात त्यांनी तीन मंत्र्यांवर ठपका ठेवला आणि चौथ्याला दोषमुक्त केले. त्याच अहवालात खुद्द हजारे यांच्या हिंद स्वराज ट्रस्टमधून त्यांच्या वाढदिवसावर झालेल्या सुमारे २ लाख २० हजारांच्या खर्चालाही गैर ठरवले. तक्रार करणाऱ्याचे घरही त्याच मापाने मोजले गेले. आता हा अहवाल कोणी कसा वाचावा? मंत्र्यांच्या चाहत्यांनी ट्रस्टचे पान उघडावे आणि हजाऱ्यांच्या चाहत्यांनी मंत्र्यांचे, अशी आपली रीत. पण अहवालाची किंमत दोन्ही पाने एकत्र असण्यातच आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘म्हणजे सगळेच चोर!’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. ‘सगळेच चोर’ हे वाक्य ऐकायला कडक, पण खऱ्या चोराला त्याहून सोयीचे दुसरे वाक्य नाही. कारण त्यानंतर कोणाचाच हिशेब विचारायचा उरत नाही. शिवाय सोयीस्कर संतापातूनही कधी कधी सत्य बाहेर येते. अंतुल्यांविरुद्ध लढणारे विरोधी पक्षाचे होते म्हणून सिमेंटचा व्यवहार स्वच्छ ठरत नाही. आरोप करणारा दुटप्पी आहे, एवढ्याने आरोप खोटा ठरत नाही. दुटप्पीपणाची खरी हानी निराळी आहे. लांडगा आला, लांडगा आला असे सोयीने ओरडण्याची सवय लागली की लोकांचा ओरडण्यावरचाच विश्वास उडतो.

आता माझ्या पिशवीकडे वळते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही सरळ गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्यालाच संरक्षण मिळते. आम्ही तक्रार केली नाही. म्हणजे ज्या सिमेंटवाल्यांची नावे कोणाला आठवत नाहीत म्हणून मी वर तक्रार केली, त्यांच्याच रांगेत, अगदी शेवटी, आम्हीही उभे आहोत. त्यांना इमारती बांधायच्या होत्या आणि आम्हांला फी भरायची होती, हा फरक मोठा आहे. तो मी विसरत नाही. पण फरक आहे म्हणून रांग बदलत नाही.

यंदा धाकट्या भावाला तोच दाखला हवा होता. मी बाबांना म्हटले, या वेळी आपण आपलेच जाऊ. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखल्यांना मुदत ठरलेली आहे, ती टळली तर अपील करता येते. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, कायद्यावर त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा कमी आणि अनुभव माझ्यापेक्षा जास्त. तरी ते आले. एकदा फोटो चुकीच्या आकाराचा म्हणून परत, एकदा साहेब नाहीत म्हणून परत, आणि तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला. दोन दिवसांचे बाबांचे खाडे झाले. मी पोचपावती मागितली तेव्हा खिडकीतल्या माणसाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारून दिली. एकोणिसाव्या दिवशी दाखला आला. एक पैसाही वर द्यावा लागला नाही.

घरी आल्यावर बाबांनी हिशेब मांडला. दोन खाडे म्हणजे तेराशे रुपये. “सातशेत काम झालं असतं, पोरी,” ते म्हणाले. रागाने म्हणाले नाहीत, नुसते म्हणाले. मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर अजून सुचलेले नाही. एवढे मात्र कळले की संताप फुकट मिळतो, प्रामाणिकपणाला रोख पैसे पडतात, आणि ते पैसे ज्याच्यापाशी कमी त्यालाच जास्त पडतात. म्हणून ज्यांना एक दिवस रजा टाकणे परवडते, जे अर्ज लिहू शकतात, दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारू शकतात, त्यांनी आधी रांगेत उभे राहायला हवे. महाविद्यालयात शिकणारे आपण सारे त्यांतच मोडतो.

वाचकहो, मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. कोणत्याही आरोपावर मत देताना आरोपीचे नाव झाकायचे, पक्ष झाकायचा, जात झाकायची, आणि मग जे वाटेल ते वहीत लिहून ठेवायचे. नाव उघडल्यावर ते खोडावेसे वाटले, तर दोष माझ्या काट्यात आहे असे समजायचे. गेल्या तीन महिन्यांत मला चार वेळा खोडावेसे वाटले.

पुन्हा कधी त्या व्यासपीठावर बोलायची संधी मिळाली, तर भाषणाची सुरुवात राष्ट्राच्या किडीपासून करणार नाही. माझ्या पिशवीतल्या त्या दोन कागदांपासून करीन. पारितोषिक मिळेल की नाही, ते परीक्षकांनी ठरवावे.